‘त्या काळचा’ ब्योमकेश : प्रेक्षकांच्या मताचं काय करायचं?

१९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ सुरू झाली, तेव्हा इथे बसलेल्यांपैकी बरेच जण नोकरीधंद्यात, संसारात पुरते अडकलेले असतील. बाकीच्यांनी ती २०२०च्या टाळेबंदीत पाहिली असेल. ‘रामायण’, ‘महाभारत’ यांच्याबरोबर दूरदर्शनने तीही पुन्हा बाहेर काढली होती. दिग्दर्शक बासू चॅटर्जी, ब्योमकेश म्हणजे रजित कपूर, अजित म्हणजे के. के. रैना आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. एवढ्यावर ओळख आटोपती घेतो. मला मालिकेबद्दल बोलायचंच आहे, पण त्याहून जास्त, आपण तिच्याबद्दल जे बोलतो त्याबद्दल बोलायचं आहे. वाटेत काही कथांचं रहस्य फुटेल. इतकी वर्षं झाली, आता त्याबद्दल तक्रार चालणार नाही.

या मालिकेविषयीची मतं मी बरीच वर्षं ऐकतो आहे. नातेवाइकांकडून, जुन्या विद्यार्थ्यांकडून, सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या मंडळींकडून. ही मतं फार थोड्या शब्दांभोवती फिरतात. साधी. स्वच्छ. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी. आरडाओरडा नाही, रक्तबंबाळ काही नाही. आणि मग एक वाक्य हमखास येतं : ‘त्या काळचं वातावरण काय उभं केलंय!’ तरुण मंडळींचं म्हणणं वेगळं. संथ आहे, खुनी कोण ते आधीच कळतं, निम्मं नाटक एका खोलीतच चालतं. गंमत म्हणजे दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे बोट दाखवताहेत. एकाला जो संथपणा वाटतो, त्यालाच दुसरा निवांतपणा म्हणतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात अभिरुचीचा विषय निघाला की मी ह्यूमची एक गोष्ट सांगत असे. गोष्ट मुळात ‘डॉन किहोटे’मधली. एका पिंपातली वारुणी चाखायला दोन जाणकार बोलावले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याचा बंद बांधलेली किल्ली सापडली. ह्यूमला यातून जाणकारांची महती सांगायची होती. मला यातून आणखी एक गोष्ट दिसते. जिभेला कळलेलं खरं असतं, पण त्याला नाव देताना माणूस जवळचं, हाताशी असलेलं नाव देतो. आपल्या प्रेक्षकाचं तसंच आहे. त्याला या मालिकेत काहीतरी लागलेलं आहे आणि ते खरं आहे. फक्त त्याला तो ‘त्या काळचं’ असं नाव देतो. हे नाव तपासून पाहिलं पाहिजे, कारण त्या नावापायी मालिकेतला सगळ्यात मोलाचा भाग आपल्या नजरेतून सुटतो, असं माझं मत आहे.

‘त्या काळचं’ म्हणजे कोणत्या काळचं?

इथे काळ एक नाही, निदान तीन आहेत. कथा घडते तो काळ, मालिका निघाली तो काळ आणि आपण पाहतो तो काळ. आणखी खोलात गेलं तर चौथाही सापडतो, तो म्हणजे कथा लिहिली गेली तो काळ. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी पहिल्या दहा ब्योमकेशकथा १९३२ ते १९३६ या वर्षांत लिहिल्या. तेव्हा त्या ‘जुन्या काळच्या’ नव्हत्याच. वर्तमानपत्रातली जाहिरात, ग्रामोफोनची पिन, सायकलची घंटी, कोकेनचा चोरटा धंदा, हे सगळं त्यांच्या वाचकाच्या दारातलं होतं. ‘पथेर काँटा’मध्ये व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाजवळच्या दिव्याच्या खांबाशी उभं राहायचा निरोप जाहिरातीतून दिला जातो. त्या वेळच्या कलकत्त्याच्या वाचकाला ते दुकान आणि तो खांब रोजच्या येण्याजाण्यातला. आज आपल्याला त्यात जो गोड जुनेपणा वाटतो तो शरदिंदूंनी घातलेला नाही, तो आपण घातलेला आहे.

मग शरदिंदूंनी ब्योमकेश बाजूला ठेवला. सुमारे पंधरा वर्षं ठेवला. मुंबईत येऊन ते चित्रपटांसाठी लिहू लागले. बाँबे टॉकीजसाठी त्यांनी काम केलं. आणि १९५२च्या सुमारास ते आपल्या पुण्यात राहायला आले, ते शेवटपर्यंत. १९७० साली ते गेले. म्हणजे बघा, ब्योमकेशच्या दुसऱ्या पर्वातल्या बहुतेक कथा या आपल्या गावात बसून लिहिल्या गेल्या. त्यातली ‘आदिम रिपू’ घडते १९४६-४७च्या कलकत्त्यात, आणि लिहिली गेली पन्नासच्या दशकात, पुण्यात. हजार मैलांवरून, आठ-दहा वर्षांनी मागे वळून पाहत. अस्सल काळ, अस्सल काळ म्हणून आपण जो शोधायला जातो, तो मूळ लेखकाच्या टेबलावरसुद्धा आठवणीच्याच रूपात होता. पुणेकरांना या गोष्टीचा पत्ता फारसा नसतो, हे जाता जाता सांगतो. कुठल्या साहित्यिकाने कुठे मिसळ खाल्ली याची आपल्याकडे नोंद असते, पण शरदिंदू इथे अठरा वर्षं राहिले हे सांगावं लागतं.

आता प्रेक्षकाच्या मनातला ‘तो काळ’ बघू. साधा, स्वच्छ, माणसं सरळ. कथांत काय आहे? पहिल्याच भागात मेसमधल्या लोकांना होमिओपॅथीच्या पुड्या देणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा अनुकूलबाबू डॉक्टर कोकेनचा व्यापारी आणि खुनी निघतो. ‘रास्ते का काँटा’मध्ये पैसे मोजले की तुमच्या वाटेतला माणूस उडवून मिळतो. खुनी कोण, तर विम्याचा एजंट. ‘मकड़ी का रस’मध्ये घरातला म्हातारा कोळ्याच्या विषाची नशा करतो आणि बाकीचं घर ते कुठून येतं म्हणून हैराण असतं. ‘वसीयत’मध्ये म्हातारा पुनःपुन्हा मृत्युपत्र बदलून भाचे-पुतण्यांना खेळवत राहतो. वारसा, दत्तक, लपवलेली लग्नं, काळा पैसा. यातलं साधं काय आहे? स्वच्छ काय आहे? आणि या कथा ज्या कालखंडात पसरलेल्या आहेत त्यात १९४३चा बंगालचा दुष्काळ येतो, १६ ऑगस्ट १९४६ नंतरचं कलकत्त्यातलं हत्याकांड येतं. ‘त्या काळी कसं छान होतं’ असं त्या कलकत्त्याबद्दल म्हणायला फार धीर लागेल.

यावर काही जण म्हणतील, अहो सर, आम्हाला १९३०-४०चं म्हणायचं नाही, आम्हाला आमचं लहानपण, दूरदर्शनचे दिवस म्हणायचे आहेत. हे प्रामाणिक आहे. माझ्या मते बहुसंख्य मतांच्या मुळाशी हेच आहे. आनंद शंकरांचं ते शीर्षकसंगीत सुरू झालं की माणसाला हॅरिसन रोड आठवत नाही, आपल्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही आठवतो. त्यात वावगं काही नाही. पण मग १९९३ साल तरी साधं होतं का? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई दंगलीत जळली. १२ मार्चला बाँबस्फोट झाले. घराघरांत केबलच्या वायरी ओढल्या जात होत्या आणि दूरदर्शनचे दिवस भरत आले होते. त्या वर्षी ही शांत मालिका लोकांनी पाहिली, ती निवांत काळातल्या निवांत माणसांनी नव्हे. आपण आपल्या आयुष्यातला एक अस्वस्थ काळ ब्योमकेशच्या शांत आवाजाखाली झाकून टाकला आणि आता ती शांतता त्या काळाची होती असं समजतो. शांतता काळाची नव्हती. ती मालिकेची होती. किल्ली मालिकेत होती.

ती कुठून आली, हे पाहणं हे समीक्षेचं काम.

बासू चॅटर्जींकडे पैसा थोडा होता हे पडद्यावर दिसतंच. रस्त्यावरचं कलकत्ता फारसं नाही, गर्दी नाही, ट्राम असली तरी ओझरती. हिंदी सगळ्यांची एकसारखी, त्यामुळे मूळ बंगालीत कोण कोणत्या थरातला हे बोलण्यावरून कळतं ते इथे पुसलं जातं. प्रकाशयोजना तर काही भागांत अशी की दिवस आहे की रात्र हा वेगळा शोध घ्यावा. या उणिवा आहेत आणि आठवणींपोटी त्या माफ करायचं कारण नाही. त्याच्या शेजारी दिबाकर बॅनर्जींचा २०१५चा चित्रपट ठेवा. त्यात १९४३चं कलकत्ता डोळ्यांचं पारणं फिटेल असं उभं केलं आहे. पाट्या, मोटारी, जपानी हल्ल्याची भीती, सगळं आहे. तरी आपल्याकडच्या कित्येकांचं मत पडलं की ‘हा आमचा ब्योमकेश नाही’. मला तो चित्रपट एवढा टाकाऊ वाटत नाही. त्यातला कॉलेजातून नुकता सुटलेला, थोडा उर्मट, चुकणारा ब्योमकेश मला पटतो. पण प्रेक्षकांच्या त्या मतात तथ्य आहे, आणि ते वस्तूंशी संबंधित नाही.

मालिकेत काळ उभा राहतो तो वस्तूंनी नाही, रीतीने. दारावर कोणीतरी येतं. त्याला बसवलं जातं. पुंटीराम चहा आणतो. पाहुणा लगेच विषयाला हात घालत नाही आणि ब्योमकेशही घाई करत नाही. अजित एखादा मूर्ख प्रश्न विचारतो, तो मूर्ख आहे हे तिघांनाही ठाऊक असतं आणि कोणी तसं म्हणत नाही. मग माणूस बोलतो आणि ब्योमकेश ऐकतो. रजित कपूर यांचं खरं काम या ऐकण्यात आहे. ते ऐकताना चेहऱ्यावर हुशारी आणत नाहीत. गुप्तहेराचं काम करणारा नट बहुधा ‘मला कळलं बरं का’ असं डोळ्यांनी सांगत राहतो. इथे ते नाही. बासूदांनी याआधी ‘एक रुका हुआ फ़ैसला’मध्ये बारा माणसं एका खोलीत बसवून पूर्ण चित्रपट काढला होता, त्यातही के. के. रैना होते. खोलीत बसून बोलता बोलता माणूस सत्याकडे कसा सरकतो, हे त्यांना दाखवता येत होतं. तरुण ज्याला ‘एकाच खोलीत चालतं’ म्हणतात ती तक्रार म्हणून खरी आहे, पण बलस्थानही तेच आहे.

खुनी आधीच कळतो, ही तक्रार मात्र मला जास्त गंभीरपणे घ्यावीशी वाटते. कधी कधी खरंच कळतो. ‘सीमांत हीरा’ घ्या. हिरा घरातच आहे, कुठे आहे ते ओळखा, असा तो खेळ. नटराजाच्या मूर्तीत आहे हे एकदा कळलं की पुन्हा पाहण्यात फारसं काही उरत नाही. कोड्यासारखं आहे, सुटलं की संपलं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचून वाढलेल्या आमच्या पिढीला असली मजा ओळखीची आहे आणि तिला मी नाक मुरडणार नाही. पण शरदिंदूंच्या उत्तम कथा सुटल्यावर संपत नाहीत, सुटल्यावर सुरू होतात. ‘अचिन पाखी’ नावाची कथा आहे. एक निवृत्त पोलीस अधिकारी ब्योमकेशला आपल्या कारकिर्दीतलं न सुटलेलं एक प्रकरण सांगतो. ब्योमकेश ऐकत जातो आणि ऐकता ऐकता त्याला कळतं की खून करणारा हा सांगणारा माणूसच आहे. चतुर वाचकालाही ते जरा आधी कळतं. मग काय झालं? प्रश्न खुनी कोण हा नाहीच. हे कळल्यावर समोर बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं काय करायचं, हा आहे.

ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. प्रेक्षक याला त्याची लकब समजतात, फेलूदाचं सिगारेट ओढणं किंवा पायरोच्या मिशा असाव्यात तसं. ती लकब नाही, कामाची वाटणी आहे. गुन्हेगार पकडून देणं हे पोलिसांचं काम, सत्य शोधणं हे याचं. आणि म्हणूनच सापडलेल्या सत्याचं काय करायचं, हा प्रश्न याच्या एकट्याच्या गळ्यात पडतो. पोलिसाला तो पडत नाही, त्याला नियमावली असते. ‘तो खुन्याला सोडतोच कसा?’ असं विचारणारे प्रेक्षक मला भेटले आहेत, आणि ‘मालिका स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांनी मालिका अधिक नीट पाहिली आहे असं मी मानतो.

आता ‘आदिम रिपू’कडे येतो. मालिकेत तिचं नाव ‘आदिम शत्रू’ झालं. अर्थ तोच, पण काहीतरी सांडलं. ‘रिपू’ म्हटल्याबरोबर मराठी माणसाला षड्रिपू आठवतात आणि त्यातला पहिला आठवतो. ‘शत्रू’ म्हटल्यावर बाहेरचा कोणीतरी वाटतो. हा रिपू घरातला, आतला. अनादी हालदार हा युद्धकाळात काळाबाजार करून गब्बर झालेला माणूस. त्याने प्रभात नावाच्या तरुणाला मानसपुत्र म्हणून जवळ केलेलं. प्रभातचं पुस्तकांचं दुकान. कालीपूजेच्या रात्री फटाक्यांच्या आवाजात गोळी सुटते आणि अनादी हालदार मरतो. खून प्रभातने केला आहे. आणि ब्योमकेशला आणखी एक गोष्ट कळते, जी प्रभातला ठाऊक नाही. ज्याला त्याने मारलं तो मानलेला बाप नव्हता. खरा बाप होता.

बाहेर दंगलींनी पिंजलेलं शहर आहे. देश स्वतंत्र होतो आहे. आणि ब्योमकेश प्रभातला सोडून देतो, पोलिसांकडे देत नाही. बाप कोण होता तेही त्याला सांगत नाही.

सोफोक्लीझच्या ईडिपसची कथा आपल्याला माहीत आहे. नकळत बापाला मारणारा आणि मग सत्याचा पाठलाग करत करत स्वतःपाशी येऊन पोहोचणारा राजा. शोधणारा तोच, गुन्हेगार तोच, आणि कळल्यावर डोळे फोडून घेणाराही तोच. शरदिंदूंनी ती भूमिका दोघांत वाटून टाकली. एकाने मारलं, दुसऱ्याला कळलं. आणि ज्याला कळलं त्याने ठरवलं की या मुलाचे डोळे शाबूत राहू देत. सत्यान्वेषी म्हणवणाऱ्या माणसाने सत्य दडवलं. हे नीतीला धरून आहे का? कांटला विचाराल तर तो खोटं बोलणं आणि गप्प राहणं यात फरक करेल आणि गप्प राहण्यापुरती मोकळीक देईल, पण खुन्याला सोडण्याबद्दल तो काय म्हणेल हे सांगायला नको. महाभारतात कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सदा खरंच बोलायचं व्रत घेतलेला हा तपस्वी, दरोडेखोरांनी विचारलं म्हणून लपलेल्या माणसांची जागा खरी खरी सांगतो, आणि त्या सत्याबद्दल नरकात जातो. ब्योमकेश या बाजूचा आहे असं वाटतं. पण तुलना पुरती जुळत नाही. कौशिकाच्या सत्याने निरपराध माणसं मेली. प्रभात निरपराध नाही. मग ब्योमकेशने वाचवलं कोणाला? एका खुन्याला? की एवढ्या प्रेतांच्या शहरात आणखी एक फाशी कशाला, असं त्याला वाटलं? कथा याचं उत्तर देत नाही आणि मालिकाही देत नाही. तो काही ठिकाणी चुकतो असं माझं मत आहे. माणसाला स्वतःच्या कृत्याचं पूर्ण ज्ञान नाकारणं ही दया असली तरी तो त्याचा अपमानही आहे. तुम्हाला वेगळं वाटेल. वाटावं.

एवढा प्रश्न ज्या गोष्टीत आहे तिला आपण नातवंडांना दाखवताना ‘स्वच्छ, कौटुंबिक’ म्हणून पुढे करतो. बापाला मारणाऱ्या मुलाची गोष्ट! नातवंडं संथ म्हणून उठून जातात, कारण त्यांना आपण कोडं म्हणून दाखवलेलं असतं, आणि कोडं म्हणून ते बेताचंच आहे. त्यांना ‘त्या काळचं बघ’ असं म्हणण्याऐवजी शेवटी मालिका थांबवून ‘तू असतास तर प्रभातला सांगितलं असतंस का?’ असं विचारून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीने तिच्या मुलावर हा प्रयोग केला. मुलगा चौदा वर्षांचा. तो म्हणाला, मी सांगितलं असतं, पण दहा वर्षांनी. मी चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, ‘दहा वर्षांनी’ हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. त्यात काळाचा विचार आहे, आणि तो ‘त्या काळच्या’ काळापेक्षा जास्त खरा आहे.

एक गोष्ट राहिली. ब्योमकेश सत्य प्रभातपासून लपवतो, पण अजितला सांगतो. अजित लेखक आहे. तो ते लिहितो, छापतो, आणि म्हणून आपल्याला कळतं. आणि ज्याच्यापासून लपवायचं तो प्रभात पुस्तकविक्रेता! शरदिंदूंच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. मालिकेत पुस्तक नाही, कॅमेरा आहे, म्हणून तिथे हा पेच जाणवत नाही. पण मूळ कथा हातात घेतली की एक शंका मनातून जात नाही : ते पुस्तक कलकत्त्याच्या एखाद्या दुकानात प्रभातच्या हाती पडलं, तर?

दहा मिनिटं आहेत. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.